आजीची गोष्ट तुम्ही आधी ऐकली नाहीत

आदरणीय काका,

तुम्ही दुरुस्त केलेली कॅसेट घेऊन घरी आले त्याला अकरा दिवस झाले. निघताना आभार मानायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, म्हणून आज लिहिते आहे. तुमचं नाव कुठे लिहू नका म्हणालात, ते पाळते आहे.

साठ मिनिटांची ती कॅसेट. एका बाजूला बाबांनी रेडिओवरून भरलेली गाणी, दुसऱ्या बाजूला १९८७ सालच्या एका रात्री आजीने सांगितलेली गोष्ट. गोष्ट झाल्याशिवाय आमच्याकडे दिवा मालवत नसत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. गोष्ट तीच असायची, पण रोज तिच्यात नवं काही यायचं. दिवसा आमच्यापैकी कोणी धडपडलं असेल, तर रात्री राजपुत्राचाही गुडघा फुटलेला असे. अशा कितीतरी रात्रींमधली एकच रात्र फितीवर राहिली होती, आणि ती फीतच तुटली.

तुमच्याआधी दोघांकडे जाऊन आले होते. पहिल्याने घरातली साधी चिकटपट्टी लावून दिली. तिचा गोंद पाझरला आणि फितीचे वेढे एकमेकांना चिकटले. दुसऱ्याने कॅसेट हातातही घेतली नाही. "टाकून द्या, आता सगळं फोनमध्ये असतं," म्हणाला. माझ्या फोनमध्ये मुलीचे हजारभर व्हिडिओ आहेत. त्यातला एकही तिच्याशेजारी बसून मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. त्याचं बोलणं म्हणूनच जास्त लागलं.

तुम्ही मात्र आधी हात धुतलेत, पुसलेत आणि मग कॅसेट घेतलीत. मी म्हटलं, गोंद लागलेला तुकडा कापून टाका, चालेल. तुम्ही मान हलवलीत. एका सेकंदात पावणेपाच सेंटिमीटर फीत पुढे सरकते, म्हणालात, एक सेंटिमीटर कापलं तरी तुमच्या आजीचं एखादं अक्षर जाईल. चार मिलिमीटरही रुंद नसलेली ती फीत तुम्ही दुपारभर कणाकणाने साफ केलीत, दोन टोकं एकमेकांना भिडवून मागून जोडलीत, आणि एक अक्षरही जाऊ दिलं नाहीत.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते त्यानंतरचं. फितीवरचा आवाज उचलणारं यंत्राचं हेड तुम्ही गाण्यांची बाजू लावून, ऐकून जुळवलंत. मग कॅसेट उलटलीत, स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केलात आणि हेडफोन माझ्या हातात दिलेत. मला काही कळेना. "आवाज दाखवणारा काटा हलतो आहे, मला तेवढं पुरे. इतक्या वर्षांनी त्या बोलणार, तर आधी घरच्या माणसाने ऐकावं." एवढंच बोललात. पुढचा अर्धा तास तुम्ही नुसते काट्याकडे बघत बसलात आणि माझ्या कानात आजी बोलत होती. मध्ये ती खोकली. मध्ये विसरली, तेव्हा बराच वेळ कोणीच बोललं नाही, मग माझाच बारीक आवाज आला, "आजी, घोडा!" मी रडत होते, तेव्हा तुम्ही उठून खिडकीशी गेलात.

हे कोणी शिकवत नाही, काका. दुसऱ्याच्या घरातली वस्तू हातात आली की आपण त्या घरात पाहुणे असतो, हे तुम्हाला आतूनच माहीत आहे. खरखर काढलेली एक प्रत दिलीत, आणि न विचारता दुसरी जशीच्या तशी ठेवलीत. आम्ही रोज ती दुसरीच लावतो.

गोष्ट अर्धीच आहे, हे तुम्हाला माहीत नसणार. राजपुत्र नदीपाशी येतो आणि फीत संपते. पहिल्या रात्री मुलगी ताडकन उठून बसली. "पुढे?" बाबा म्हणाले, तो पोहून गेला. आत्या म्हणाली, छे, घोड्याने नेलं. दोघं भांडली. शेवटी मुलीने स्वतःच त्याला नदीपार नेलं, आणि काल परत वेगळ्याच वाटेने नेलं. तिच्या राजपुत्राच्या कोपराला सध्या पट्टी आहे, कारण गेल्या आठवड्यात ती सायकलवरून पडली.

तुम्हाला वेळ असेल तेव्हा घरी या. आता तुम्हीही ऐका.

तुमची,
आजीची नात