संदर्भसूची उघडून बघणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एम.ए.चे प्रबंध द्यायची मुदत जवळ आली की नौपाड्यातल्या झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानांत मुलांची झुंबड उडते. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेल्यामुळे त्यातली काही मुले माझ्याकडेही येतात. "काका, संदर्भसूची तेवढी एपीएप्रमाणे लावून द्या." (एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेला संदर्भ लिहिण्याचा साचा.) पुस्तक पाहिलेस का, असे विचारले की बहुतेक जण मोबाइल पुढे करतात.

मध्यंतरी ठाण्याच्या इतिहासावरचा एक प्रबंध हातात आला. सूचीत 'ठाणे गॅझेटिअर, 1882' एवढीच नोंद. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथात, ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे, शिवाय स्थळांची माहिती देणारा चौदावा खंड वेगळा, आणि तिन्ही पुस्तकांवर साल 1882च. खंड नाही, पान नाही, मग परीक्षकाने शोधायचे कुठे? पुढची नोंद तर कहरच होती: 'बखर, म. (1924)'. महिकावतीची बखर या उत्तर कोकणच्या जुन्या इतिहासग्रंथाचे नाव संगणकाने आडनाव-आद्याक्षर असे उलगडले होते! 1924 हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती संपादून छापली ते साल. आतली प्रकरणे वेगवेगळ्या काळांतली, काही थेट पंधराव्या शतकातली. संपादक म्हणून राजवाड्यांचे नाव नसेल तर ती नोंद फुकट. गंमत म्हणजे स्वल्पविराम, कंस, तिरपा टाइप सगळे चोख होते आणि मार्गदर्शकांची सहीही झाली होती.

हे कुणाच्या लक्षात कसे येत नाही? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ते साम्य मोजताना संदर्भसूची वगळतात. वगळणे रास्तच आहे, कारण एकाच पुस्तकाची नोंद दहा प्रबंधांत सारखीच असणार. पण परिणाम असा, की सूची यंत्र तपासत नाही आणि टक्केवारीचा कागद हिरवा दिसला की माणूसही तिकडे फिरकत नाही. त्यात आता चॅटजीपीटी नसलेल्या पुस्तकाची नोंदही लेखक, साल, पृष्ठांकासह बिनदिक्कत देते. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे असे हवाले दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. तिथे निदान न्यायाधीशांनी शोधून तरी पाहिले.

इकडे मात्र कंसाची जागा चुकली म्हणून गुण कापतात. अहो, एपीएवाल्यांनीच 2019च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचे गाव लिहिणे बंद केले. आधीच्या आवृत्तीत ते आवश्यक होते. म्हणजे साचा बदलतो. मराठी पुस्तकांना तर तो जसाच्या तसा लावूही नये. नुसते 'जोशी, ल.' लिहिले तर कोणते जोशी? पूर्ण नाव लिहावे, जुन्या पुस्तकाला प्रकाशनाचे गाव द्यावे, मुखपृष्ठावर शकाचे साल असेल तर तेही नोंदवावे आणि पृष्ठांक कधीच गाळू नये. एवढे असेल तर एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

माझी सूचना साधी आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सूचीतल्या कोणत्याही पाच नोंदींवर बोट ठेवावे आणि विद्यार्थ्याने त्या-त्या पानाची झेरॉक्स किंवा स्कॅन दाखवावा. पुस्तक मिळाले नाही, दुसऱ्याच्या लेखातून उतारा घेतला, तर 'अमुकच्या लेखात उद्धृत' असे सरळ लिहावे; त्यात कमीपणा नाही. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, त्यामुळे पुस्तकांसाठी दर वेळी मुंबई गाठायला नको. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्रही ठाण्यातच आहे. या पाच नोंदींची सुरुवात तिथून करायला वेगळा निधी लागणार नाही, परीक्षकांची दहा मिनिटे तेवढी लागतील.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल,
नौपाडा, ठाणे