डावा हात आधी

चि. मृण्मयी, अनेक आशीर्वाद.

पोलिश संगीतकार शोपँचं ई मायनर स्वरपट्टीतलं प्रेल्यूड, म्हणजे पियानोवरचा छोटा तुकडा, तू बसवायला घेतलंस, याचा फार आनंद झाला. ऑपस २८ या त्याच्या संग्रहातलं हे चौथं. अवघे २५ बार, म्हणजे तालाचे छोटे समान भाग, म्हणून लोक सोपं समजतात आणि सगळा जीव उजव्या हातात ओततात. तसं करू नकोस. उजवा हात बी, सी, पुन्हा बी एवढ्या सुरांतच घुटमळतो. खरी हालचाल डाव्या हातात आहे. एकेका बारमध्ये आठ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, जवळजवळ तेच ते. पण त्यातला एखादा सूर हळूच अर्ध्या स्वराने खाली सरकतो, कधी मधला, कधी खालचा. सगळे एकदम उतरत नाहीत. त्यामुळे वरचा बी तोच राहूनही दर वेळी निराळा लागतो. मला तर सगळं दुःख त्या सरकण्यातच आहे असं वाटतं.

म्हणून आधी नुसता डावा हात वाजव आणि सरकणारा सूर तोंडाने म्हण. कॉर्ड बदलला की पेडल बदल, नाहीतर सूर एकमेकांत मिसळून सगळा गाळ होईल. लार्गो, म्हणजे अगदी संथ, असं लिहिलंय, तरी बारमध्ये ठोके दोनच मोज. चार मोजलेस की गाणं रखडतं.

आवाज सोळाव्या बारसाठी राखून ठेव. तिथे शोपँने स्ट्रेटो, म्हणजे लय वाढवत ने, असं लिहिलंय. साचलेलं सगळं तिथेच फुटतं, आणि लगेच ओसरतं. तेविसाव्या बारमधली शांतता मात्र पूर्ण घे. घाई केलीस तर शेवटच्या तीन कॉर्डांना अर्थच उरणार नाही.

हा चोवीस प्रेल्यूडांचा संग्रह त्याने १८३८-३९ च्या हिवाळ्यात स्पेनच्या मायोर्का बेटावर पूर्ण केला. त्याची प्रेयसी, फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड आणि तिची मुलं बरोबर होती. वाल्डेमोसाच्या जुन्या मठात मुक्काम, छातीचा आजार, आणि पॅरिसहून निघालेला प्लेयेल कंपनीचा पियानो हाती यायला जानेवारी उजाडला. सोबत जुना जर्मन संगीतकार बाख याच्या वह्या होत्या. चोवीसही स्वरपट्ट्यांतून जायची कल्पना बाखचीच. पण बाखच्या प्रेल्यूडमागून फ्यूग, म्हणजे एकाच सुरावटीचा अनेक आवाजांत चाललेला पाठलाग, येतं, इथे मागून काहीच येत नाही. एवढ्या छोट्या तुकड्याला स्वतःच्या पायावर उभं करणं, हे शोपँचं धाडस मला फार मोठं वाटतं.

३० ऑक्टोबर १८४९ ला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला हेच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवलं गेलं, आणि सहावंही. हे बसलं की ते सहावं घे. त्यात गाणंच डाव्या हाताकडे आहे.

तुझी आई