युवक महोत्सवाआधीचा आठवडा वेळापत्रकात बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की महाविद्यालयाच्या फलकावर युवक महोत्सवाची सूचना लागते. संघ ठरतात, नावं जातात, आणि खरी तयारी शेवटच्या आठवड्यावर येऊन पडते. तालमीची वेळ काय, तर तासिका संपल्यावर, म्हणजे दुपारी चारला. पाच-साडेपाचच्या एसटीने निम्मा संघ गावाकडे निघून जातो. त्याच दिवसांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं, त्यामुळे रविवारी बोलावलं तरी मुलं येऊ शकत नाहीत. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. हा एक आठवडा रोज अकरा ते तीन असा, महाविद्यालयाच्या वेळेतच तयारीला द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. चार तास नीट वापरले तर ते पुरतात.

सगळ्यात जास्त वेळ एकांकिका घेते. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमावलीत तिला ३० मिनिटं आहेत, जास्तीत जास्त ९ कलाकार आणि ३ साथीदार. मोजणी रिकाम्या रंगमंचापासून रिकाम्या रंगमंचापर्यंत होते, हे बऱ्याच संघांना फार उशिरा उमगतं. संहिता घड्याळ लावून कुणी वाचलेलीच नसते. गुरुवारी पहिली सलग तालीम होते, ३८ मिनिटं भरतात आणि रात्री कापाकापी सुरू होते. कापलेल्या वाक्यावर कुणाची एन्ट्री असते, कुठे लाइट बदलायची खूण (क्यू) असते. ते वाक्य गेलं की अख्खा प्रसंग लंगडा पडतो. म्हणून सोमवारचे पहिले दोन तास फक्त वाचनाला द्यावेत. वाचन २२-२३ मिनिटांत संपलं तर प्रयोग २७च्या आसपास जातो, कारण हालचाली, थांबे आणि प्रेक्षकांचं हसणं वाचनात धरलेलं नसतं. ब्लॅकआउट साधारण १५ सेकंदांचा होतो. सहा ब्लॅकआउट असतील तर दीड मिनिट नुसतं अंधारात गेलं. कात्री आधी तिथे लावावी, संवादांना नंतर. बुधवारी संहिता हातातून सुटलीच पाहिजे. कागद हातात असेपर्यंत नजर खाली राहते आणि समोरच्याचं ऐकून बोलायची सवय लागत नाही. शुक्रवारनंतर एकही शब्द बदलू नये.

नेपथ्याचा विचार गाडीच्या दारापासून करावा. तालुक्याच्या महाविद्यालयाला मोठा टेम्पो परवडत नाही. एसटी नाहीतर भाड्याची जीप, एवढंच हाताशी असतं. बिजागऱ्यांनी दुमडणाऱ्या लाकडी चौकटी, त्यांवर ताणून ठोकलेलं मांजरपाट आणि तीन-चार ठोकळे यांत घर, पार, बसथांबा, कोर्ट सगळं उभं राहतं. मांडणीला १० मिनिटं मिळतात. आपल्या सभागृहात ती सहा मिनिटांत जमत असेल तरच परक्या रंगमंचावर दहात होते. कुठला ठोकळा कोण उचलणार हे नावानिशी ठरवून दोनदा तरी करून बघावं.

ललित कलांच्या मुलांकडे या धावपळीत कुणाचं लक्षच नसतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. रांगोळी, मातीकाम, कोलाज, स्थळचित्रण यांना प्रत्येकी अडीच तास असतात. सराव मात्र घरी सवडीने, सहा-सहा तास घेऊन केलेला असतो. रांगोळीचंच घ्या. व्यक्तिचित्रासाठी लेक रंग, म्हणजे रांगोळीत मिसळायचे गडद भुकटी रंग, वापरतात. तो नुसता टाकला की डाग पडल्यासारखा दिसतो, म्हणून चाळलेल्या पांढऱ्या रांगोळीत थोडा थोडा मिसळून एकेका रंगाच्या पाच-सहा छटा आदल्या दिवशीच करून ठेवाव्या लागतात. चार बाय चार फुटांच्या चित्राला पांढरी दोन किलो आणि रंगांचे शंभर-शंभर ग्रॅमचे पुडे पुरतात. परतीच्या पावसात हवा दमट असते, रांगोळीच्या गुठळ्या होतात आणि चिमटीतून पडणारी धार तुटते. पांढरी रांगोळी तव्यावर मंद आचेवर कोरडी करावी, पूर्ण गार झाल्यावर चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. लेक रंगांना मात्र आच दाखवू नये. चेहऱ्यावर आधी मधली छटा पसरायची, मग सावल्या, आणि नाकाच्या शेंड्यावरचा, डोळ्यातला उजेड अगदी शेवटी. चुकलं तर बोटाने पुसू नये, खालचा थर मिसळून सगळं मळकट होतं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कड घालून तेवढाच भाग अलगद उचलावा. पंखा बंद आहे ना, हे बसण्याआधी बघावं.

मातीकामाच्या सरावाला पुष्कळ ठिकाणी रानातली काळी माती आणतात. उन्हाळ्यात आपल्या शेतांना भेगा पडतात त्याच कारणाने तिच्या मूर्तीलाही पडतात : ही माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते. चार किलो शाडू आणावी, आदल्या रात्री भिजवावी, सकाळी चांगली मळून तारेने मधोमध कापून बघावी. पोकळ्या दिसल्या तर पुन्हा मळावी. अंगापासून सुटे काढलेले हात आधी वाळतात आणि गळून पडतात, म्हणून अडीच तासांच्या कामात हात धडाला टेकलेलेच ठेवलेले बरे.

कोलाजला गुळगुळीत मासिकांची पानं आणि वर्तमानपत्राचा कागद दोन्ही जवळ असावेत. पातळ डिंकाने वर्तमानपत्राचा कागद सुरकुततो, तिथे घट्ट डिंक कमी लावावा.

भारूड म्हणजे पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपल्या भागाला दिलेलं धन. ते बसवताना आपल्याकडे जोर वाद्यांवर जातो आणि शब्द बुडतात. भारुडाचा अर्थच शब्दांत दडलेला असतो. पखवाज आणि टाळ माइकपासून चार-पाच पावलं मागे बसवले, मुख्य गाणाऱ्याचा माइक तोंडापासून वीतभर ठेवला, की निम्मं काम होतं. हलगी दमट हवेत उतरते. सभागृहात जाळ करता येत नाही, त्यामुळे ऐन वेळी बाहेरून शेकून आणण्याचं काम एकाला नेमून द्यावं.

आणखी एक अडचण आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. गुणी मुलं मोजकी, त्यामुळे एकच मुलगी एकांकिकेत, मूकनाट्यात आणि लोकनृत्यातही असते. मूकनाट्य पाच मिनिटांचं, प्रहसन दहा मिनिटांचं, दोन्हींत सहा-सहा कलाकार. ऐकायला थोडं वाटतं, पण तीन दिग्दर्शक एकाच वेळी तिला हाक मारतात आणि शनिवारपर्यंत तिचा आवाज बसतो. सोमवारीच एका कागदावर आडवे तास आणि उभी नावं लिहून तक्ता करावा, एका नावापुढे एका तासाला एकच खूण. दोनपेक्षा जास्त कला कुणाकडे देऊ नयेत. तालीम व्हरांड्यात घेतली की ओरडून बोलावं लागतं, म्हणून सभागृह या आठवड्यापुरतं दुसऱ्या कार्यक्रमाला देऊ नये. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, गणपती, नवरात्र हे सगळं याच सुमारास येतं, तेव्हा हे आधीच ठरवावं लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि त्यात सांस्कृतिक उपक्रम व ललित कला धरल्या आहेत. ज्याला श्रेयांक आहेत त्याला वेळापत्रकात जागा हवी. प्राचार्यांनी या आठवड्याची संघातल्या मुलांची हजेरी लेखी आदेशाने धरावी. साहित्याचे पैसे बिल सादर झाल्यावर नव्हे, तर सोमवारी सकाळी आगाऊ द्यावेत. रंग आणि शाडू शुक्रवारी हातात पडून उपयोग नाही. मुलींच्या पालकांना रोजच्या सुटण्याच्या वेळेचं पत्र महाविद्यालयाच्या शिक्क्यासह द्यावं, आणि एखाद्या दिवशी रंगीत तालमीला उशीर होणार असेल तर प्रत्येकीच्या गावची शेवटची गाडी कितीची, हे त्याच तक्त्यावर तिच्या नावापुढे लिहिलेलं असावं.

आपले,
सांस्कृतिक विभागाचे काही समन्वयक,
परभणी व हिंगोली जिल्हा