गर्भपिशवी काढायची घाई कशाला?

संपादक साहेब, माझ्या वहिनीला पाळीत इतकं ब्लीडिंग व्हायचं की पलंगावर जुना टॉवेल घालून झोपायची, हिमोग्लोबिन 7 वर आलेलं, सोनोग्राफीत गर्भपिशवीत 4 सेंटीमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टर लगेच म्हणाले पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. आम्ही जाम घाबरलो हो!

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, फायब्रॉइडचा, म्हणजे गर्भपिशवीतल्या अशा गाठीचा, कॅन्सर अगदी क्वचित निघतो, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, असेल तर गोळ्या, गर्भपिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू किंवा फक्त गाठ काढता येते, पाळी गेल्यावर गाठी बहुतेक आकसतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये एवढं गाजलं, तरी अजून हेच चाललंय. वहिनी सध्या लोहाच्या गोळ्या घेतेय, ऑपरेशन टळलंय.

एक वाचक, लातूर