तुझा व्हिडिओ मी दुप्पट वेगानं बघितला

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आधी कबुली देऊन टाकतो. तू पाठवलेला जीएसटीच्या व्हिडिओचा चौदा मिनिटांचा नमुना मी सात मिनिटांत बघितला. दुप्पट वेग लावला होता, त्यामुळं तू एसटी सुटायच्या भीतीनं बोलतोयस असं वाटत होतं. रागावू नकोस. फोनवर तू विचारलंस, "घरात बसून ऑनलाइन काम करणारी माणसं असले व्हिडिओ बघतील का रं?" आणि मी "बघतील की" म्हणून मोकळा झालो, कारण गॅसवरचं दूध वर यायला लागलं होतं. आता निवांत बसून खरं काय ते लिहितो.

विषय तू झकास निवडलायस. जीएसटी नंबर असलेल्या माणसानं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून ठेवला की परदेशी क्लायंटच्या बिलावर आयजीएसटी हा कर भरावा लागत नाही, आणि तो एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरायचा असतो. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. पण हे एवढं वाक्य तुझ्या व्हिडिओत नवव्या मिनिटाला येतं! त्याआधी तुझं नाव गोल फिरत येतं, मग "नमस्कार मित्रांनो", मग आज आपण काय काय बघणार आहोत त्याची जंत्री, मग बेल दाबा. कागदावर असतं तर ते वाक्य मी एका नजरेत उचललं असतं आणि कामाला लागलो असतो.

यात सगळा दोष तुझा नाही म्हणा. यूट्यूबनं २०१२ पासून किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. पुढं मधे जाहिराती घालायच्या तर व्हिडिओ निदान दहा मिनिटांचा हवा, असा नियम होता. २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आणली. तेव्हापासून बघ, दोन मिनिटांचं उत्तर पाणी घालून घालून नऊ मिनिटांचं करतात. रस्सा पातळ आणि फोडी दोन. आमच्यासारख्या दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला हे लगेच कळतं.

माझं काम तुला माहीत आहे, तरी एक गोष्ट तुला कधी सांगितली नसेल. सबटायटल लिहिताना एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि एक सबटायटल फार तर सात सेकंद. एका सेकंदाला बहुतेक चोवीस नाहीतर पंचवीस फ्रेम. नायिका "नाही" म्हणायला तोंड उघडते ती फ्रेम कुठली, हे शोधायला मी तेच अर्धं सेकंद पंधरा वेळा मागं-पुढं करतो. असे सात-आठ तास गेल्यावर संध्याकाळी कुणी "हा व्हिडिओ बघ, भारी आहे" म्हणून पाठवला की अंगावर काटा येतो. हलवायाला पेढा खा म्हटल्यासारखं. बघतोच कधी, तर बोट आपोआप एल या बटणावर जातं. ते दाबलं की यूट्यूब दहा सेकंद पुढं उडी मारतं. माणसं बोलत असतात आणि मी उड्या मारत असतो.

परवा खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी गाडी लावून उभा होतो, तेव्हा मनात आलं की मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्या लोकांनाही माझाच प्रश्न पडला असणार. मूकपटात मधे मधे अक्षरांच्या पाट्या येत. पाटी किती वेळ ठेवायची? पटकन वाचणारा कंटाळणार, हळू वाचणारा रागावणार. लिहिलेलं ज्याचं त्यानं आपल्या चालीनं वाचावं. पडद्यावर आलं की चाल दाखवणाऱ्याची.

पण मी एकटा तिरसट असेन म्हणून तुझा प्रश्न गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेला. तिथं रात्री आमची चौकडी जमते, सगळी घरातनंच काम करणारी. समोर म्हैस पिळून दिलेलं दूध, पेल्यावर फेस, आणि विषय तुझा. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करणारा पोरगा म्हणाला, "भावा, आठ तास हेडफोन घातल्यावर कानात आणखी कोण बोललेलं सोसंत न्हाई." डिझाइन करणारा म्हणाला, बघतो, पण आवाज बंद करून, आणि अडलेल्या जागेपुरताच. कुठल्या मेनूत काय आहे ते हलताना दिसलं की पुरे. त्याची तक्रार वेगळीच होती. व्हिडिओत सूत्र दाखवतात, ते कॉपी करता येत नाही; थांबवा, खिडकी बदला, एकेक अक्षर टाइप करा, कंस चुकला की पुन्हा मागं या. तिसरी ऑनलाइन शिकवणी घेणारी बाई. त्या म्हणाल्या, त्यांची रेकॉर्ड केलेली तासिका अर्ध्यापर्यंतसुद्धा कुणी बघत नाही, पण लाइव्ह तासाला तीच पोरं वेळेच्या आधी येऊन बसतात. काय शिकवायचंय ते दोन्हीकडं तेच.

हे शेवटचं माझ्या डोक्यात राहिलं, कारण आदल्याच आठवड्यात आमच्या घरात तेच झालं होतं. कुठल्याशा गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं. आण्णांनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. हलगी कडकडत होती, निवेदक जुन्या पैलवानांची नावं घेत होता, आणि मातीत दोघं मानेला मान लावून नुसते उभे. खडाखडी चालली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकानं पाय धरायला पटात शिरायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं मागं सरून अंगावर माती टाकली, परत मानेला मान. माझं बोट सवयीनं पडद्याकडं गेलं. लाइव्हला पुढं कुठं उडी मारणार? आण्णा म्हणाले, "थांब की जरा. ते बी थांबल्यात न्हवं?"

बाळ्या, मी तिथं पाऊण तास बसलो. कुस्ती शेवटी बरोबरीत सोडवली, निकालच नाही! तरी एकदाही घड्याळ बघितलं नाही. घरात एकटं काम करणाऱ्याला माहितीचा तुटवडा नसतो रे, ती दिवसभर अंगावर कोसळतच असते. दुसरं कुणीतरी याच क्षणाला जागं आहे आणि तेच बघतंय, याची मात्र भूक असते. मधे एक रांगोळी काढणाऱ्या बाईंचा व्हिडिओ मी तीन दिवस नुसता चालू ठेवला होता, सबटायटलच्या वेळा जुळवून झाल्यावर नुसतं शुद्धलेखन तपासताना. बघत नव्हतो. खोलीत कुणीतरी आहे एवढंच.

तर तू असं कर. एलयूटीचं, बिलाच्या नमुन्याचं, जीएसटी नंबर घ्यायच्या वीस लाखांच्या मर्यादेचं जे जे आहे ते सरळ लिहून ठेव, शोधता येईल आणि कॉपी करता येईल असं. जीएसटीच्या पोर्टलवर एलयूटीचा फॉर्म, आरएफडी-११, कुठं सापडतो, एवढंच दाखवणारा चाळीस सेकंदांचा तुकडा कर, बिनआवाजी चालेल. लांब व्हिडिओ करायचाच हट्ट असेल तर खाली वेळा लिहून भाग पाड. पहिली वेळ ०:०० असावी लागते आणि निदान तीन भाग लागतात, नाहीतर यूट्यूब ते धरत नाही. आणि महिन्यातनं एकदा संध्याकाळी तासभर लाइव्ह बस. कुणी काही विचारलं नाही तर गप्प बस, चहा पी. ते नाव फिरवणं मात्र काढ बाबा, देवाशपथ.

हे सगळं मी स्वतःवरनं आणि कट्ट्यावरच्या तिघांवरनं लिहितोय, हे धरून चाल. तुमच्या पुण्यात बसनं तासतासभर लटकणारे लोक आहेत; ते कानात घालून चौदा मिनिटं ऐकतीलही. आमच्याकडं घरातनं कट्ट्यावर जायला सात मिनिटं लागतात.

तुझ्या तुकड्यांना सबटायटल मी घालून देतो, पैसे नकोत. पण तू बोलताना प्रत्येक वाक्याला "ॲक्च्युअली" म्हणतोस, ते मी गाळणार. लाइव्हचा वार ठरला की कळव, फक्त शुक्रवार सोडून. शुक्रवारी माझं काम द्यायचं असतं. आण्णांनी विचारलंय, तू व्हिडिओत मागं लावलेला तो पंखा एवढा का हलतोय, पडायचा एखादवेळी डोक्यावर.

तुझा,
सद्या