सॅनिटायझरचे द्रावण कधी ओतून द्यावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती बिअरवरील लेखात, भांड्यांसाठी केलेले आम्लयुक्त सॅनिटायझरचे द्रावण प्रत्येक वापरानंतर ओतून द्यावे, असा सल्ला आहे. मी गेली नऊ वर्षे टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे घरी बिअर करतो. (अमेरिकेत १९७८ च्या कायद्यामुळे घरच्या वापरापुरती ती करता येते, महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, हे लेखात यायला हवे होते.) माझ्या अनुभवाप्रमाणे द्रावण एकदा वापरल्याने निकामी होत नाही, ते कोणत्या पाण्यात केले आणि त्यात पुढे काय मिसळले, यावर त्याचे आयुष्य ठरते.

स्टार सॅनसारख्या सॅनिटायझरमध्ये फॉस्फोरिक आम्ल आणि फेस आणणारे डोडेसिलबेंझिन सल्फोनिक आम्ल असते. या दुसऱ्या घटकाचा जंतूंवर खरा प्रभाव पडतो तो पीएच ३ च्या खाली असताना, ३.५ च्या वर गेलेल्या द्रावणावर विसंबता येत नाही. आमच्या शहराचे पाणी चुनखडीच्या थरांतून येते व अतिशय जड, शाळेत ज्याला आपण दुष्फेन म्हणत असू तसे, आहे. अशा १९ लिटर पाण्यात ठरलेले ३० मिलिलिटर सॅनिटायझर घातले, की ते लवकरच दुधाळ होते, कारण पाण्यातील कॅल्शियम फेस आणणाऱ्या घटकाला धरून त्याचा साका करते आणि बायकार्बोनेटमुळे आम्लाचा काही भाग वाया जातो. हेच प्रमाण डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात घेऊन द्रावण झाकणबंद कॅनमध्ये ठेवले, तर ते कित्येक आठवडे नितळ राहते.

याहून मोठा धोका आपल्याच हातून होतो. एकदा अल्कली पावडरने घासलेला फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) नीट न विसळता मी तसाच सॅनिटायझरमध्ये बुडवला. बादलीत फेस होता, म्हणून मी निश्चिंत राहिलो. बिअरची ती सबंध खेप आंबट होऊन नासली; नंतर त्याच बादलीत पीएच दाखवणारी कागदी पट्टी बुडवली, तेव्हा मागे राहिलेल्या अल्कलीने आम्ल मारल्यामुळे पीएच ५ च्या वर गेलेला होता. तेव्हापासून मी वापरापूर्वी दर वेळी अरुंद टप्प्याच्या पट्टीने पीएच पाहतो, आणि द्रावण गढूळ दिसले तर पीएच कमी असूनही ते ओतून देतो. भांडे आधी घासून, स्वच्छ पाण्याने विसळूनच सॅनिटायझरला द्यावे आणि त्याचा आतला पृष्ठभाग किमान एक मिनिट ओला राहू द्यावा. मागे राहिलेला फेस धुण्याची गरज नसते.

लेखात आणखी एक सूचना आहे : शंका वाटल्यास द्रावणात थोडे ब्लीच घालावे. ही सूचना घातक आहे. आम्ल आणि क्लोरीनयुक्त ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि हे काम अनेकदा बंद न्हाणीघरात किंवा गॅरेजमध्ये चालते. पुरवणीच्या पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सॅन अँटोनियो