शालेय शिक्षण मंत्र्यांस खुले पत्र : समोरच्याचे म्हणणे मुलांना मांडता यावे

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीच्या कृतिपत्रिकेत वैचारिक लेखनाचा पर्याय असतो, तरी विचार पटवून कसा द्यावा हे आम्ही मुलांना क्वचितच शिकवतो. पाठ केलेली सुभाषिते आणि ‘काळाची गरज’ एवढ्यावर बहुतेकांचे भागते. वक्तृत्व स्पर्धेतही तेच. मोबाइलच्या दुष्परिणामांवर बक्षीस मिळवून आलेल्या मुलीला मी विचारले, “मोबाइल हवा म्हणणारा काय म्हणेल?” ती गप्प झाली, कारण भाषण तिच्या काकांनी लिहून दिले होते.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी एसटीच्या वेळेबद्दल आगारप्रमुखांना पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात ‘आमचे अतोनात हाल होतात’ हे वाक्य तीनदा आले होते. मग फळ्यावर न्यायशास्त्रातील, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातील, युक्तिवादाच्या पाच अवयवांपैकी (भागांपैकी) पहिले तीन लिहिले : प्रतिज्ञा (इथे मागणी), हेतू (कारण) आणि उदाहरण. मागणी : गाडी वीस मिनिटे उशिरा सोडावी. कारण : शाळा पाचला सुटते आणि गाडी 4.50 ला जाते. उदाहरणासाठी मुलांनी आठवडाभर थांब्यावर उभे राहून मागे राहिलेल्यांची रोज मोजणी केली. खरी अडचण पूर्वपक्षाची, म्हणजे आगार काय म्हणेल ते त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहिण्याची होती. एका मुलाचे वडील चालक आहेत. गाडी उशिरा निघाली की पुढची फेरी कशी चुकते, हे त्याने सांगितले, तेव्हा वर्गाने स्वतःच मागणी वीस मिनिटांवरून पंधरावर आणली. माझ्या मते त्या तासाला मुले लिहायला शिकली.

गोपाळ गणेश आगरकर 1856 साली आमच्याच तालुक्यात, टेंभूला जन्मले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. त्यांच्या जयंतीला मुले त्यांच्यावरही पाठ केलेलेच भाषण करतात, हे लिहिताना संकोच वाटतो.

म्हणून विनंती अशी की वैचारिक लेखनाच्या गुणांपैकी दोन गुण विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडून तिला उत्तर देण्यासाठी राखून ठेवावेत, आणि विषय मुलांच्या गावातले, म्हणजे पाणी, रस्ता, बाजार असे असावेत. तपासणी कठीण होईल, असे परीक्षक म्हणतील. ते खरे आहे, कारण साचेबंद उत्तर नजरेने तपासता येते आणि युक्तिवाद मात्र वाचावा लागतो. त्यासाठी नमुना उत्तरांसह एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. नवे पुस्तक मात्र कृपया काढू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका
ता. कराड, जि. सातारा